पिंजऱ्यातला वाघ आणि पहिले शील



दरवर्षी ६ डिसेंबरला आपली लाखो माणसे चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी मुंबईला येतात. गावाकडून आलेले एखादे कुटुंब अभिवादन झाल्यावर एक दिवस थांबते. मुलांना समुद्र दाखवावा, राणीची बाग दाखवावी, अशी आईबापांची इच्छा असते. त्यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार घटका करमणूक हवीच. परंतु समजा, पिंजऱ्यापुढे उभे असताना तुमच्या मुलाने विचारले, "आई, या वाघाला का कोंडलंय? त्यानं काय केलं?" तर तुम्ही काय उत्तर द्याल? "आपल्याला बघायला मिळावं म्हणून," हेच बहुतेक वेळा खरे उत्तर असते. पंचशील ग्रहण केलेल्या माणसाला हे उत्तर देताना अडखळायला झाले पाहिजे. ते का, याचा आज विचार करू.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "आमच्या वस्त्यांवर अजून हल्ले होतात, आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत. माणसांचे प्रश्न सुटले नाहीत आणि तुम्ही वाघ-अस्वलांचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. या देशात मुंग्यांना साखर घालणारी माणसे होती आणि तीच माणसे तहानलेल्या अस्पृश्याला घोटभर पाणी देत नव्हती. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत; आपल्या माणसाने स्पर्श केला की मात्र तळे बाटत असे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते याच अन्यायाविरुद्ध. म्हणून भूतदयेचे नाव काढले की आपल्या मनात कडवटपणा येतो, आणि तो साहजिक आहे.

परंतु त्या लोकांचे चुकले कोठे, हे नीट पाहा. मुंगीला साखर घातली हा त्यांचा दोष नव्हता. माणसाला वगळले, हा दोष होता. त्यांची दया यादी पाहून वाटली जात होती. गाईचे नाव यादीत होते, मुंगीचे होते, आपले नव्हते. आता आपणही तशीच यादी करू लागलो आणि फक्त नावे बदलली, तर धम्मांतराने आपल्यात काय पालट झाला?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली तेरावी प्रतिज्ञा सर्व प्राणिमात्रांविषयी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला भेद सांगितला आहे. करुणा माणसांपुरती आहे. तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी मैत्री शिकवली आणि मैत्री सर्व सजीवांपर्यंत जाते. त्याच ग्रंथात अहिंसेचाही उलगडा आहे. तथागतांची अहिंसा म्हणजे आंधळा नियम नव्हे. गरजेपोटी होणारी हिंसा आणि हिंसेची इच्छा या दोन गोष्टी बाबासाहेबांनी तेथे वेगळ्या केल्या आहेत. माणसाने आपला विवेक वापरून हा भेद ओळखायचा आहे.

हाच भेद आपण कोंडण्याला लावून पाहू. बांधण्याची गरज वेगळी आणि बांधण्याची हौस वेगळी. शेतकऱ्याचा बैल दाव्याला बांधलेला असतो. त्याला मारझोड करण्याचा हक्क कोणाला नाही, परंतु त्या दाव्यामागे शेताची गरज आहे. दुसरे उदाहरण गिधाडांचे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने, मेलेली गुरे खाणारी गिधाडे झपाट्याने मेली. हरियाणातील पिंजोर येथे उरलेल्यांपैकी काही गिधाडे पिंजऱ्यात ठेवून त्यांची पैदास केली जाते, ती पुन्हा मोकळी सोडता यावीत म्हणून. येथे पिंजरा गिधाडाच्या हिताचा आहे. जखमी बिबट्याला उपचारासाठी कोंडले, तर तीही गरज आहे. परंतु माणसाला हसू यावे, टाळ्या वाजवता याव्यात, एवढ्यासाठी जंगलातला जीव जन्मभर कोंडणे ही हौस आहे. हौसेसाठी दुसऱ्याला दुःख देणे पहिल्या शीलात बसत नाही, मग त्या जीवाला कोणी प्रत्यक्ष ठार मारलेले नसले तरी.

या हौसेची किंमत जनावर कशी देते ते पाहा. आपल्या महाराष्ट्राला सर्कशीचा मोठा इतिहास आहे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत आपल्या 'ग्रेट इंडियन सर्कस'चा खेळ केला आणि भारतीय सर्कस सुरू झाली. कसरतपटूंच्या कौशल्याविषयी आदर असावाच. परंतु आगीला भिणारा वाघ जळत्या कड्यातून उडी मारतो, तेव्हा ती विद्या नसते. चाबकाची भीती आगीच्या भीतीपेक्षा मोठी झालेली असते, एवढेच. रस्त्यावर नाचणाऱ्या अस्वलाला पिल्लू असतानाच आईपासून हिरावून आणत. तापलेल्या सुईने नाकाडाला भोक पाडून त्यात दोरी ओवत, सुळे पाडून टाकत. दोरीला हिसका बसला की वेदनेने ते उभे राही, आणि आपण त्याला नाच म्हणत होतो.

"पण प्राणिसंग्रहालयात मारझोड नसते, पोटभर खायला मिळते, शिकाऱ्याची भीती नसते," असे कोणी म्हणेल. "मालक जेवायला घालतो, मग तक्रार कशाची?" हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेले आहे. गावकी करणाऱ्या माणसालाही भाकरीचे तुकडे मिळत होते. बाबासाहेबांनी त्या तुकड्यांवर लाथ मारायला शिकवले, कारण भाकरी म्हणजे जीवन नव्हे हे त्यांना ठाऊक होते. जनावराचेही तसेच आहे. जंगलात हत्तीण आई, मावशी, बहिणी, पिल्ले यांच्या कळपात राहते आणि दिवसाकाठी मैलोन् मैल चालते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातील प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेथे जन्मलेली आफ्रिकी हत्तीण साधारण १७ वर्षे जगे. केनियातील अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात नैसर्गिक मरण येणारी हत्तीण साधारण ५६ वर्षे जगे. अन्न, पाणी, वैद्य सारे असूनही हे घडले. पिंजऱ्यातला वाघ त्याच चार पावलांच्या वाटेवर दिवसभर येरझाऱ्या घालतो, हत्ती एकाच जागी डोलत राहतो. लोकांना वाटते तो खुशीत आहे. खरे तर ती कोंडलेल्या मनाची व्यथा आहे. मग मुलाला तेथे ज्ञान मिळते म्हणावे तर कशाचे? वाघ कसा जगतो हे त्याला तेथे दिसत नाही; तो कोंडल्यावर कसा होतो एवढेच दिसते.

आणखी एक गोष्ट आपण विसरता कामा नये. जनावरांना कोंडून पाहणारी नजर माणसाला सोडत नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कार्ल हागेनबेक नावाचा जंगली जनावरांचा मोठा व्यापारी होता. १८७० च्या दशकापासून त्याने दूर देशांची माणसे बायकामुलांसह आणून, तिकीट लावून दाखवण्याचा धंदा केला. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात ओटा बेंगा नावाच्या काँगोच्या तरुणाला वानरगृहात ओरांगउटानबरोबर ठेवण्यात आले. हजारो लोक त्याला पाहून हसले. काळ्या धर्मोपदेशकांनी तीव्र निषेध केल्यावर त्याची सुटका झाली. परंतु १९१६ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. त्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेने माफी मागितली ती २०२० मध्ये. ज्या समाजाला गावकुसाबाहेर कोंडले गेले, ज्याच्या सावलीकडेही लोक तिरस्काराने पाहत होते, त्याला ओटा बेंगाचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. तथागतांनी उपासकासाठी जे पाच धंदे वर्ज्य सांगितले, त्यांत सत्तवणिज्जा, म्हणजे सजीवांचा व्यापार, आहे. माणसाची विक्री आणि जनावराची विक्री अडीच हजार वर्षांपूर्वी एकाच शब्दात निषिद्ध ठरली, यातले शहाणपण हागेनबेकचा धंदा पाहिला की ध्यानात येते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. अस्वलवाला, माकडवाला, गारुडी ही माणसे कोण होती? पोटासाठी गावोगाव फिरणारी, जमिनीचा तुकडा नसलेली, इंग्रज राजवटीत संशयिताचे जिणे जगलेल्या भटक्या जमातींसारखीच उपेक्षित माणसे. राजेरजवाडे आणि साहेब लोक मचाणावर बसून वाघ मारत, आपल्या वाड्यांवर पशू कोंडत. त्यांना कोणी क्रूर म्हटले नाही. अस्वल सोडवायचे आणि अस्वलवाल्याला उपाशी ठेवायचे, ही अर्धी करुणा झाली. उत्तर भारतातील कलंदर जमातीच्या बाबतीत दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल आणि मुलांना शिक्षण देऊन अस्वले सोडवून घेतली गेली, आणि २००९ च्या सुमारास रस्त्यावरचा अस्वलाचा नाच थांबला. जनावर आणि माणूस दोघांच्याही गळ्यातली दोरी एकदम सुटली पाहिजे, हा धम्माचा मार्ग आहे.

कायद्यानेही काही वाट काढली आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ करण्यास केंद्र सरकारने बंदी घातली, त्या अधिसूचनेची तारीख १४ ऑक्टोबर १९९८ आहे. आपल्या धम्मदीक्षेचाच हा दिवस असावा, हा केवळ योगायोग. परंतु आपल्याला लक्षात ठेवायला सोयीचा आहे. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंदी कायम ठेवली. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून संविधानात नमूद आहे. परंतु कायदा खेळ बंद करू शकतो, पाहणाऱ्याची हौस बंद करू शकत नाही. ते काम शीलाचे आहे.

तथागतांच्या चरित्रातला नालागिरीचा प्रसंग तुम्ही विहारात ऐकला असेल. देवदत्ताने राजगृहाच्या रस्त्यावर मदोन्मत्त हत्ती सोडला. लोक पळाले. तथागतांनी मैत्रीभावनेने त्याला शांत केले. हातात ना काठी, ना अंकुश. सर्कशीच्या रिंगणात चाबूकवाल्यापुढे मान खाली घालणारा हत्ती आणि नालागिरी यांत जो फरक आहे, तोच भीती आणि मैत्री यांतला फरक आहे. सम्राट अशोकाने हे जाणले. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा करीत. अशोकाने त्या बंद करून धम्मयात्रा सुरू केली, असे त्याचा आठवा शिलालेख सांगतो. त्या लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये आपल्याच ठाणे भागात, सोपाऱ्याला सापडला. चैत्यभूमीला येणारे तुम्ही-आम्ही त्याच धम्मयात्रेचे वारसदार आहोत. धम्मयात्रा संपवून परतताना मौजेच्या यात्रेत शिरायचे की नाही, हे आपण ठरवायचे आहे.

शेवटी घरचे पाहू. आपल्या कित्येक घरांत ओसरीला पोपटाचा पिंजरा टांगलेला असतो. मिठूवर घरातल्या सर्वांचे प्रेम असते, हे खोटे नाही. परंतु त्याचे पंख कापलेले असतात. देशी पोपट पाळणे कायद्यानेही गुन्हा आहे. तो एकदम उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही; वन खात्याशी बोलून त्याच्या स्वाधीन करा, आणि दुसरा आणू नका. पोपटाकडून चिठ्ठी काढवून भविष्य सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. तेथे एका पैशात पाखराची कैद आणि आपली अंधश्रद्धा दोन्ही पोसली जातात. मोबाईलवर माकडाला झबले घालून नाचवल्याचे चित्रीकरण आले तर ते पुढे पाठवू नका, कारण पाहणारे वाढले की कोंडणारेही वाढतात. मुलांना पक्षी दाखवायचे तर सकाळी तळ्याकाठी न्या. वाघाची माहिती पुस्तकातून, चित्रपटातून द्या.

आणि कधी पिंजऱ्यापुढे उभे राहण्याची वेळ आलीच, मुलाने तो प्रश्न विचारलाच, तर त्याला गप्प करू नका. "यानं काही केलेलं नाही, बाळा. माणसांनी आपल्या हौसेसाठी याला कोंडलंय. ते बरोबर नाही," असे त्याला खरे खरे सांगा. ज्या मुलाला हे कळले, त्याच्या मनात पहिले शील रुजले असे समजा.