नाव कुणाचं लागलंय?

श्रीरामपुरात मुलगी पाहायला पाहुणे आले की चहा येण्याआधीच विचारतात, लग्नानंतर नोकरी करणार का? ‘आमच्याकडे गरज नाही’ म्हणणारी घरं अजून आहेत, ‘करावीच’ म्हणणारी वाढली आहेत. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलतात. पण तिच्या नावावर काय असेल, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही आणि मला तोच मुख्य प्रश्न वाटतो.

टाकळीभान, उंदीरगावकडच्या बागायती घरात पहाटे गोठ्यात पहिली तीच जाते. धारा, शेणकूर, वैरण, पोरांचे डबे, मग खुरपणी. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेल्या या तालुक्याच्या उसात तिच्याही घामाचा वाटा आहे. डेअरीतलं खातं आणि उसाचं पेमेंट मात्र बऱ्याच घरांत मालकाच्या नावावर असतं. काय करता, असं विचारलं तर ती म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ हे उत्तर मला फार लागतं, कारण ते तिला आपणच शिकवलं आहे.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषाचा 88. या श्रमाला मोल आहे, हे न्यायालयांनीही मानलं. जमशेदपूरला 1989 साली लागलेल्या आगीत दगावलेल्या गृहिणींच्या कामाची किंमत सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये महिना 3000 रुपये धरली. म्हणजे हिशेब झाला तो त्या गेल्यावर, भरपाई ठरवताना.

जपानने हा हिशेब जिवंतपणी केला. एप्रिल 1986 पासून तिथे पगारदाराच्या अवलंबून पत्नीला, तिने वेगळा हप्ता न भरता, स्वतःच्या नावाचं मूळ निवृत्तिवेतन मिळण्याचा हक्क आला. पण तिची स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेत राहिली पाहिजे. म्हणून अर्धवेळ काम करणाऱ्या कितीतरी बायका ती मर्यादा ओलांडू नये यासाठी कामाचे तास कमी करतात. सुरक्षितता मिळाली, पण नवऱ्यावर अवलंबून राहण्याच्या अटीवर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपल्या दौंड-मनमाड रेल्वेमार्गाच्या टोकापासून जवळच असलेल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा. राज्यभर अनेक शेतकऱ्यांनी ती स्वखुशीने केली. 1992 मध्ये शासनानेही, नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. तिने घरी राहावं की नोकरी करावी, असली अट त्यात नव्हती. मला ही गोष्ट जपानच्या योजनेपेक्षा मोठी वाटते.

नोकरी लागली की हा प्रश्न सुटतो, असंही नाही. महिन्याला पगार आणणाऱ्या, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे किंवा सासऱ्यांकडे असलेल्या सुना आपल्या आसपास आहेत. आणि स्वतःच्या इच्छेने घर सांभाळणारी, बँकेत स्वतःचा पैसा असलेली बाई त्यांच्याहून मोकळी असू शकते. नोकरी की घर, हे तिने ठरवावं, आणि पुढे बदलावंसं वाटलं तर बदलावंही. मात्र ठरवताना पायाखाली स्वतःचं काही असावं लागतं, नाहीतर ती निवड राहत नाही, नाइलाज होतो.

आज अनेक बायकांचं नाव सातबाऱ्यावर पहिल्यांदा येतं ते वारस नोंदीने, नवरा गेल्यावर. तो असतानाच ते का लागू नये? वडीलधारी म्हणतात, नाव लावलं आणि उद्या ती माहेरी निघून गेली तर? मी त्यांना उलट विचारतो: ती फक्त जायला जागा नाही म्हणून तुमच्या घरात राहत असेल, तर ते तुम्हाला चालेल का?