मनाचा अभ्यास, पण कुणाच्या मनाचा?

॥ श्रीगुरुदेव ॥



आपल्या बडोद्याच्या गुरुवारच्या मंडळातल्या एका काकूंची नात यंदा विद्यापीठात गेली. पहिल्याच वर्षाला तिने मानसशास्त्र घेतलं. बातमी कळली तेव्हा आमच्यात दोन तट पडले. काही म्हणाले, "मनाचं शास्त्र तर महाराज शिकवतातच, त्याला कॉलेज कशाला?" काहींना काळजी वाटली, की पोरीची श्रद्धा उडेल.

श्रद्धा काही उडाली नाही. झालं वेगळंच. महिन्याभरात पोर घरातल्या प्रत्येकाला नावं देऊ लागली. बाबा काही विसरले, की "हे दमन." आजीने माळ दोनदा मोजली, की "हा ओसीडी." काकू रागावल्या आणि आम्ही हसलो. म्हटलं, चार पानं वाचली नि लागली दुसऱ्यांची मनं तपासायला!

पण आम्ही तरी काय वेगळं करत होतो?

आपले एक गुरुबंधू काही महिने आरतीला येत नव्हते. आमचं निदान तयार होतं. "श्रद्धा पातळ झाली." "संसारात अडकले." एका गुरुवारी प्रसाद वाटताना हाच विषय निघाला, आणि त्या मुलीने सहज विचारलं, "पण त्यांना कुणी विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

आम्ही दोघं-तिघं दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. रात्र रात्र झोप नव्हती, जेवण तुटलं होतं, चार माणसांत यायचं म्हटलं की छाती धडधडायची. आम्ही म्हटलं, "मग सांगितलं का नाही?" ते खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल, याचं नाम कमी पडलं."

त्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

परत आल्यावर त्या मुलीने तिच्या पुस्तकातला एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे डार्ली आणि बॅटसन या दोघांनी तो केला, आणि 1973 साली तो प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे 40 विद्यार्थी त्यात होते. एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन प्रवचन द्यायचं होतं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची! वाटेत दारापाशी एक माणूस मान टाकून, कण्हत बसवला होता. ज्यांना "भरपूर वेळ आहे" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले 63 टक्के थांबले. "तुला उशीर झालाय" असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. प्रवचनाचा विषय कोणता, याने फारसा फरक पडला नाही. घाईने मात्र पडला.

ही मुलं काही वाईट नव्हती. पण पाहणारा म्हणेल, "केवढा कठोर माणूस!" दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि त्याची परिस्थिती विसरायची, ही माणसाची जुनी खोड आहे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली तिला 'फंडामेंटल अॅट्रिब्यूशन एरर' असं नाव दिलं. आमचंही तेच. आम्ही आरतीला आलो नाही तर पाहुणे आलेले असतात, गुडघा दुखत असतो. दुसरा आला नाही तर त्याची श्रद्धा कमी!

इथे एक खरी शंका येते. सगळं परिस्थितीवर घातलं, तर जबाबदारी कुणाची? मग साधना तरी कशाला? आमच्यात यावर बराच वाद झाला. शेवटी आम्हाला असं वाटलं, की परिस्थितीचा विचार हा दुसऱ्याला देण्यासाठी आहे आणि जबाबदारीचा विचार स्वतःला लावण्यासाठी. आपण नेमकं उलट करतो. त्या विद्यार्थ्यांना घाई होती, हे आपण त्यांच्या बाजूने म्हणावं. पण "मला घाई होती" हे आपण स्वतःच्या बाजूने म्हणू नये. घाई माणसाला आंधळं करते हे एकदा कळलं, की आपलं घड्याळ सांभाळणं हीसुद्धा साधनाच.

समर्थांनी मनाचे श्लोक 205 लिहिले, ते मनाला उद्देशून. शेजाऱ्याचं मन कसं आहे, हे सांगायला नव्हे. मानसशास्त्राचा पहिला धडा असो की महाराजांचा उपदेश, भिंग एकच आहे. ते कुणाकडे धरायचं, हे आपल्या हातात आहे.

ते गुरुबंधू आता डॉक्टरांकडे जातात, गोळ्या घेतात, आणि जमेल तसा जपही करतात. या गुरुवारी ते मागच्या रांगेत बसले होते. कुणी काही विचारलं नाही, फक्त बाजूला सरकून जागा दिली. ती मुलगीही आता घरात नावं देत नाही. परवा आजीला म्हणाली, "माळ पुन्हा मोजायची आहे का? मी बसते सोबत."

या आठवड्याचा नेम एवढाच धरू या. जो कुणी बरेच दिवस दिसला नाही, त्याच्याबद्दल बोलण्याआधी त्याला एक फोन करायचा. "का आला नाहीत?" असं नाही विचारायचं. "कसे आहात?" एवढंच विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥