टपटपणारा व्हॉल्व्ह आणि तुझी डमी

हसू नकोस. नीट उभा राहा आणि सांग, बोईसरच्या त्या फ्लॅटमधल्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला टेफ्लॉन टेप गुंडाळून डमी कोणत्या आनंदात ठोकलीस? "सर, टपटपत होतं, काकूंची तक्रार होती." टपटपत होतं म्हणून! आयटीआयची दोन वर्षं संपत आली, बाहेरची कामं घ्यायची हौस आली, आणि व्हॉल्व्ह का टपटपतो एवढं विचारायची बुद्धी झाली नाही?

पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की सुमारे 200 मिलीलिटर जास्त जागा मागतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, पुढचा नळ बंद. मग ते जाईल कुठे? त्या व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर. गरम होताना ठिबकत असेल, तर तो त्याचं काम करतोय. गिझर बंद असतानाही ठिबकत असेल तर वरून येणारा दाब बघ, नाहीतर व्हॉल्व्ह बदल. बुजवायचा नसतो, गाढवा!

आणि एवढ्यावर थांबलास का? पाणी जास्त तापलं की वीज तोडणारा कटआउट सारखा ट्रिप होतो म्हणून त्याच्या दोन टोकांत वायरचा तुकडा टाकून मोकळा झालास. अरे, ट्रिप होत होता कारण थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले होते, कॉइल बंदच होत नव्हती. बदलायचा होता थर्मोस्टॅट. तू पहारेकऱ्यालाच घरी पाठवलंस. आता पाणी तापत जाणार, बाहेरची वाट तूच बंद केलेली. कोंडलेलं पाणी शंभराच्या वर गेलं आणि टाकी फुटली, तर त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. ते बाथरूम किती फुटांचं आहे, मोजलंस?

राहतोस कुठे, ते तरी आठव. बोईसरच्या शेजारी तारापूरला 1969 पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. पाणी भट्टीतच उकळतं आणि त्याच वाफेवर टर्बाइन फिरतं. तिथेही दाब वाढला की वाट करून देणारे व्हॉल्व्ह असतात. एमआयडीसीतल्या बॉयलरचा व्हॉल्व्ह टपटपला म्हणून कुणी डमी मारली, तर त्याला गेटच्या आत ठेवतील का? बॉयलरसाठी या देशात 1923 सालीच कायदा झाला. काकूंच्या गिझरकडे मात्र कुणी इन्स्पेक्टर फिरकत नाही. तिथे आला होतास तो तू.

क्षारांबद्दलही ऐक. त्या इमारतीत बोअरचं पाणी आहे, साबणाला फेस येत नाही, हे तूच सांगितलंस. असल्या पाण्यात कॉइलवर पांढरा थर बसणारच. जितकं जास्त तापवाल तितका लवकर. त्यावर तू संडास साफ करायचं अॅसिड ओतलंस! थर गेला आणि टाकीच्या आतला पत्राही खाल्ला गेला असेल. सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात कॉइल भिजत ठेवायची, थर सुटतो. शिवाय आतला मॅग्नेशियमचा अॅनोड झिजून काडी झाला होता, तोच परत बसवलास. टाकीऐवजी गंज आपल्या अंगावर घ्यायचा, एवढ्यासाठीच तो असतो. संपला की नवा घालायचा. कॉइल, थर्मोस्टॅट, गॅस्केट, अॅनोड, सगळं बदलता येतं. टाकीच गळायला लागली की मात्र एम-सील थापत बसू नकोस. गिझर नवा घ्या, असं तोंडावर सांगायचं. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे.

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, हे फळ्यावर कितीदा लिहिलं? आणि तू 6 अँपिअरची पिन लावून आलास. अर्थिंग तपासलंस? "सर, तिसरं भोक आहे ना." भोक आहे! त्यामागे वायर आहे का, ते टेस्ट लॅम्प लावून कोण बघणार, मी?

खाली बघू नकोस. आत्ता काकूंना फोन लाव, गिझरचा स्विच बंद करायला सांग आणि आज घरात कुणीही तो लावायचा नाही म्हणावं. उद्या पहिल्या लोकलने जा. डमी काढ, व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट आणि अॅनोड नवे बसव, 16 अँपिअरची पिन लाव, कटआउटवरचा तो तुकडा काढून माझ्या टेबलावर आणून ठेव. सामानाचे पैसे तुझ्या खिशातून. आणि घेतलेली मजुरी काकूंच्या हातात परत देऊन ये.