पर्जन्य आणि आपले कर्म

भाविकहो, पाऊस लांबला की देवीचा कोप झाला असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे; आणि तो अनावर कोसळला तरीही कोपच! देवीपुढे गाऱ्हाणे घालण्यास आमची हरकत नाही. परंतु ज्याचा जाब आपणांस विचारला जावा तो तिलाच विचारणे, ही भक्ती नव्हे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्नाचा संबंध पर्जन्याशी आणि पर्जन्याचा शेवटी मनुष्याच्या कर्माशी जोडला आहे. आजवर आपण हा संबंध पुण्यकर्मापुरताच मानीत आलो. आता विज्ञानाने त्याची दुसरी बाजू दाखविली आहे. भूगर्भात कोट्यवधी वर्षे निजलेला कोळसा व खनिज तेल मनुष्याने अवघ्या दोनअडीचशे वर्षांत जाळावयास काढले. त्यातून निघालेला कर्बवायू पृथ्वीवर घोंगडीसारखा पांघरला जातो व तिची उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस आला की धो धो येतो, आणि उघडीप पडली की जमीन लवकर सुकते.

ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात महापुराने हाहाकार केला. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. एका वर्षावरून निवाडा करू नये हे खरे; पण येळ्ळूरच्या बासमतीला दोन्ही टोके मारकच. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात तुंबले की रोप कुजते. पोटरीच्या वेळी पावसाने दगा दिला की दाणा पोचट राहतो.

ज्यांनी सर्वाधिक जाळले ती राष्ट्रे धनाढ्य झाली. भोगतो आहे तो काही गुंठ्यांचा धनी. कर्म एकाचे व भोग दुसऱ्याचा, हा पेच शास्त्रीबुवांनी सोडवावा!

आपला वाटा अल्प आहे, पण शून्य नाही. उसाचे पाचट पेटविण्याऐवजी सरीत कुजविता येते. भातखाचरात सतत पाणी साचल्यानेही तापवर्धक मिथेन वायू निघतो. मधून मधून पाणी उतरविल्यास तो घटतो. नाल्यातील गाळ व केरकचऱ्याचा दोष मात्र आभाळाला देता येणार नाही. मृगापूर्वी तो उपसला जावा, यासाठी सभासद कुटुंबांनी सह्यांनिशी ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा, असे आम्ही सुचवितो.