पूर्वपरीक्षेचे पेपर परत देताना

गुणांची बेरीज नंतर करा. आधी भिंगाचं उदाहरण काढा.

बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. प्रतिमा कुठे? निम्म्या वर्गाने ६ लिहिलंय. वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं, ते धन घेतलंत. वजा चिन्ह विसरतं माणूस, तेही मी एक वेळ समजून घेईन. पण वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये असली की प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे पडते, हा तक्ता तुम्ही धडाधड म्हणून दाखवता. म्हणजे उत्तर २० च्या पुढेच यायला हवं. मग ६ आल्यावर हात थांबला कसा नाही? बरोबर उत्तर ३०, प्रतिमा उलटी आणि दुप्पट मोठी. शेजारी किरणाकृती काढली असतीत तर चूक तिथल्या तिथे दिसली असती. ज्यांनी काढली त्यांनी किरणांना बाण दिले नाहीत.

वजन किलोग्रॅममध्ये लिहिणाऱ्यांनो, वजन हे बल आहे. न्यूटन लिहा. पुन्हा सांगणार नाही.

आता प्रयोगवह्या. याचा मला जास्त राग आहे. कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळे टाकले. निरीक्षण काय लिहिलंय? ‘द्रावण रंगहीन झाले.’ रंगहीन होतं ते जस्त टाकल्यावर! लोखंडाने फेरस सल्फेट तयार होतं, द्रावण फिकट हिरवं दिसतं, खिळ्यांवर तांबूस थर चढतो. परीक्षानळी तुमच्या डोळ्यांसमोर स्टँडला होती. तिच्याकडे न बघता कुणाची तरी जुनी वही उतरवलीत, तिच्यातल्या चुकीसकट. अरे, डोळ्यांना दिसलेलं लिहायचं नाही, तर विज्ञान शिकताय कशाला?

बोर्डाला विज्ञानाच्या दोन्ही भागांचे ४०-४० गुणांचे पेपर, प्रत्येकी दोन तास. प्रश्न जरा फिरवून आला की गाईडमधलं पाठ केलेलं उत्तर तिथे कामाला येत नाही, आणि तुम्ही पान कोरं सोडता. डोकं आहे तुम्हाला, म्हणून जीव तुटतो माझा.

वह्या माझ्याकडे राहतील. उद्या प्रत्येकाला भिंग मिळेल. खिडकीतून लांबच्या झाडाची प्रतिमा कागदावर स्पष्ट पाडा, भिंग ते कागद अंतर पट्टीने मोजा, तेच नाभीय अंतर. तीनदा मोजून सरासरी काढा. प्रत्येकाने आपापले आकडे लिहायचे. शेजाऱ्याचे आकडे दिसले तर तो कागद मी तपासणार नाही.