वाट कोणी सोडायची?

6 ऑगस्ट 1932 रोजी कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी कोलोन आणि बॉन यांना जोडणारा एक नवा रस्ता खुला केला. लांबी जेमतेम वीस किलोमीटर. वाटेत चौक नाही, रेल्वेचं फाटक नाही, समोरून येणारी बैलगाडी किंवा घोडागाडी नाही. सायकलस्वारांना बंदी, पायी चालणाऱ्यांनाही बंदी. जर्मनीतले मोटाररस्ते ही हिटलरची देणगी, असा समज आजही सापडतो. हा रस्ता मात्र तो सत्तेवर येण्याआधीच वापरात होता. आज त्याला ए-555 म्हणतात. पुढे 1949 मध्ये हेच आडेनाउअर पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले, बॉन राजधानी झालं, आणि शहराच्या मधून जाणाऱ्या मुख्य रस्त्याला त्यांच्या निधनानंतर आडेनाउअरअली हे नाव मिळालं.

त्या रस्त्यामागचा विचार सरळ होता. वेग हवा असेल तर पायी माणूस वाटेतून बाजूला झाला पाहिजे. दोन शहरांमधल्या मोकळ्या शेतजमिनीत त्यात चूक काहीच नाही. पंचाईत झाली ती तोच विचार गावात शिरल्यावर.

बॉन मुळात चालायचंच गाव. मध्ययुगीन म्युन्स्टर चर्च, बाजारचौकातलं अठराव्या शतकातलं नगरभवन, एके काळी राजवाडा असलेली विद्यापीठाची मुख्य इमारत आणि तिच्यापुढचं हॉफगार्टनचं मैदान हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत येतं. ऱ्हाइन नदीही तेवढ्याच अंतरावर. 1844 मध्ये कोलोनहून रेल्वे आली आणि तिने वस्तीतून एक रेघ ओढली. या शहरात एक तर पाऊस पडत असतो किंवा रेल्वेचं फाटक बंद असतं, ही बॉनकरांची स्वतःवरची जुनी थट्टा आहे. ऑक्टोबर 1944 च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा मोठा भाग जळाला. त्यानंतर पाचच वर्षांत या लहानशा विद्यापीठनगरीवर राजधानीपद येऊन पडलं, तेही ‘तात्पुरतं’. जर्मनी पुन्हा एक होईल आणि सरकार बर्लिनला जाईल, अशी अधिकृत भूमिका असल्यामुळे इथे दिमाखदार राजधानी उभारण्याचा विचार बराच काळ टाळला गेला. मंत्रालयं आली, वकिलाती आल्या, आणि त्यांच्यासोबत मोटारी आल्या.

त्या काळात शहराच्या भवितव्याबद्दल युरोपात दोन पुस्तकांची चर्चा होती. हान्स बेर्नहार्ड रायखो या जर्मन नियोजनकाराचं पुस्तक 1959 चं. मोटारीला अनुरूप असं शहर कसं रचावं, हा त्याचा विषय. रायखोला चालणाऱ्यांबद्दल आकस नव्हता. त्यांना त्याने हिरवळीतून जाणाऱ्या वेगळ्या वाटा आखून दिल्या होत्या. पण त्याचं पुस्तक पुढे नावापुरतंच वाचलं गेलं, आणि रस्ते रुंद करणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेला त्या नावाचा आधार मिळाला. दुसरं पुस्तक म्हणजे 1963 चा ब्रिटिश सरकारचा अहवाल. तो लिहिणारे कॉलिन ब्युकॅनन यांचा जन्म आपल्या सिमल्याचा. घरात खोल्या असतात आणि खोल्यांकडे नेणारे पॅसेज असतात, येणाऱ्याजाणाऱ्यांनी पॅसेजमधून जावं, कोणाच्या खोलीतून नव्हे, तसंच शहराचं असावं, असं त्यांचं म्हणणं. विचार शहाणपणाचा होता. पण पॅसेज बांधायला पैसे आणि जागा दोन्ही पुष्कळ लागतात, आणि ते बांधण्यासाठी काही खोल्या पाडाव्या लागतात, हेही त्यातूनच आलं.

बॉनमध्ये या विचाराचं सर्वांत ठळक स्मारक उभं राहिलं नाही, खणलं गेलं. 1975 मध्ये शहराच्या पोटातून जाणारा लोकलगाड्यांचा बोगदा सुरू झाला. त्याच्या कामाच्या ओघात मुख्य रेल्वे स्थानकासमोर जमिनीखालच्या पातळीवर एक उघडा चौक तयार झाला. लोकांनी त्याला बॉनर लोख, म्हणजे ‘बॉनचा खड्डा’, असं नाव ठेवलं. स्थानकातून बाहेर पडणाऱ्याने खाली उतरावं, खड्डा ओलांडून बाजारपेठेकडे वर यावं, आणि वरचा रस्ता मोटारींना मोकळा राहावा, अशी ही योजना. कागदावर कोणाचंच नुकसान नव्हतं. प्रत्यक्षात गुडघे दुखणाऱ्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, सामानाची पेटी ओढणाऱ्या पाहुण्याला जिने चढावे-उतरावे लागले. मोटारीत बसलेल्याला मात्र साधा ब्रेकही दाबायचा नव्हता. पुढे तो खड्डा दारू पिऊन बसणाऱ्यांची आणि अमली पदार्थांच्या व्यवहाराची जागा म्हणून बदनाम झाला. दोष त्या माणसांवर टाकण्यात आला. खरं तर जिथून बाकीच्यांना जावंसं वाटत नाही, तिथे बसायला ज्यांना दुसरी जागा नाही तेच उरतात.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. तिथे चालणाऱ्याला खाली नव्हे, वर पाठवलं गेलं. 2008 पासून एमएमआरडीएने वांद्र्यापासून सुरुवात करून तीसहून अधिक स्कायवॉक बांधले. गर्दीच्या काही स्थानकांबाहेर त्यांचा उपयोग झालाच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण अनेक ठिकाणी लोक खालच्या रस्त्यानेच जात राहिले, आणि वांद्रे पूर्वेचा पहिला स्कायवॉक तर काही वर्षांत बंद करून पाडावा लागला. लोकांना शिस्त नाही, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. माणूस दोन मजले चढून पुन्हा दोन मजले उतरत नाही, कारण त्याला हिशेब येतो. बॉनमध्ये खड्ड्याशेजारची जुनी इमारत 2017 मध्ये पाडली गेली, खड्डा बुजवून तिथे नव्या इमारती आल्या, आणि आता स्थानकातून निघालेला माणूस रस्त्याच्याच पातळीवरून पोस्टश्ट्रासेकडे चालत जातो. चाळीसएक वर्षं आणि बराच खर्च झाल्यावर.

खड्डा खणला जात होता त्याच सुमारास पाचशे पावलांवर अगदी उलटा प्रयोग चालू होता. म्युन्स्टरप्लाट्झ या चौकात बीथोव्हेनचा पुतळा आहे. बीथोव्हेनचा जन्म बॉनचा, आणि 1845 मध्ये प्रशियाचा राजा व इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी यांच्या उपस्थितीत त्या पुतळ्याचं अनावरण झालं होतं. युद्धानंतरच्या छायाचित्रांत त्याच्याभोवती उभ्या मोटारी दिसतात. हळूहळू तो चौक, बाजारचौक आणि त्यांना जोडणाऱ्या श्टेर्नश्ट्रासेसारख्या अरुंद पेठा वाहनांना बंद झाल्या. जर्मनीत याची सुरुवात 1953 मध्ये कासेल शहराने केली होती. जवळच्या कोलोनने साठच्या दशकात तेच केलं, आणि म्युनिकने 1972 च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने. दुकानदारांची भीती सगळीकडे एकच होती, की गाडी दारापर्यंत आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. बॉनने मोटारींना चौकांजवळ जमिनीखाली जागा दिली. गंमत पाहा, एकाच शहरात, एकाच दशकात, एका चौकात मोटारी जमिनीखाली गेल्या आणि दुसऱ्या चौकात माणसं.

गिऱ्हाईक आलं. इतकं आलं की दुकानांची भाडी वाढली, जुने विक्रेते हलले आणि साखळीदुकानं आली. पादचारी क्षेत्राच्या यशाची ही बाजू नियोजनकार फारशी सांगत नाहीत. बाजारचौकातले भाजी-फळांचे ठेले टिकले, हे त्यातल्या त्यात बरं. 2015 मध्ये व्हिक्टोरियाकारे नावाच्या जुन्या चौकोनात मोठा मॉल उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा रहिवाशांनी सह्यांची मोहीम काढून तो रोखला. चालणाऱ्याला फक्त मोकळा रस्ता पुरत नाही. रस्त्याच्या कडेला थांबावंसं वाटेल असं काहीतरी हवं, एवढं तोवर लोकांना कळून चुकलं होतं.

पण पादचारी क्षेत्रात एक खोट असते. ते कुंपणासारखं असतं. आत माणूस राजा, कुंपणाबाहेर पाय टाकला की पुन्हा सिग्नलवर ताटकळत उभा. चालणारा बाजारात सन्मानाने वावरतो, पण तिथपर्यंत घरून कसा येतो, या प्रश्नाला सत्तरच्या दशकातल्या नकाशांत जागा नव्हती. या लेखातल्या विचाराचं खरं वळण तिथे आहे, आणि ते घेतलं गेलं दुकानांच्या पेठेत नव्हे, तर राहत्या वस्तीत.

जुन्या गावाच्या उत्तरेला एकोणिसाव्या शतकात कामगार-कारागिरांची एक दाट वस्ती वाढली होती. अरुंद दर्शनी भागाची घरं, छोटे कारखाने, पडव्या. 1978 मध्ये तिच्या कडेला महापालिकेचं उंच बहुमजली मुख्यालय उभं राहिलं. त्यासाठी घरं पाडली गेली, तेव्हा उरलेलीही जातील, अशी धास्ती रहिवाशांना वाटणं साहजिक होतं. पुढे मात्र पाडण्याऐवजी सुधारण्याचं धोरण ठरलं. विचार शेजारच्या नेदरलँड्समधून आला होता. तिथल्या डेल्फ्ट शहरात गल्लीच्या रस्त्याला अंगणासारखं वळणदार करून मोटारीला पावलाच्या वेगाने यायला लावत, आणि 1976 पासून त्या पद्धतीला कायद्याची मान्यता होती. पश्चिम जर्मनीने 1980 मध्ये त्यासाठी निळी पाटी आणली. तिच्यावर घर आहे, मोठं माणूस आहे, चेंडू खेळणारं मूल आहे आणि कोपऱ्यात एक मोटार आहे. ही पाटी जिथे लागते तिथे चालणाऱ्याला रस्त्याची सगळी रुंदी मोकळी, मुलांना कुठेही खेळायची मुभा, आणि मोटारीला माणसाच्या चालीचा वेग. 1932 च्या रस्त्यावरचा नियम इथे नेमका उलटा झाला होता.

उत्तरेच्या या वस्तीत रस्ते अरुंद केले गेले, गाड्या तिरक्या उभ्या राहतील अशी आखणी झाली, आणि ऐंशीच्या दशकात पालिकेच्या नियोजन विभागातल्या एका अधिकारी महिलेच्या आग्रहाने हेअरश्ट्रासे आणि ब्राइटेश्ट्रासे या गल्ल्यांत जपानी चेरीची झाडं लागली. आज एप्रिलमध्ये त्या दोन्ही गल्ल्यांवर गुलाबी छत धरलं जातं आणि जगभरातून माणसं फोटो काढायला येतात. गर्दी इतकी, की बहराच्या दिवसांत गाड्या बंद कराव्या लागतात, आणि रहिवासी वैतागतात. जी गल्ली मुलांनी खेळावं म्हणून शांत केली, तिथे आठ-दहा दिवस पर्यटकांमुळे दार उघडायची चोरी. शिवाय वस्ती देखणी झाली की भाडी वाढतात, हा नियम इथेही चुकला नाही. तरी हरकत नाही, असं म्हणावंसं वाटतं. दुसरा पर्याय उंच इमारती आणि रुंद रस्ता हाच होता.

यानंतरची पायरी दिसायला रुक्ष आहे, आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी फोटोंसह लेख लिहीत नाही. 1983 मध्ये हॅम्बर्गजवळच्या बुक्सटेहुडे या छोट्या गावाने ताशी 30 किलोमीटरचं पहिलं क्षेत्र आखलं. झाडं नाहीत, फरशा नाहीत, फक्त पाट्या आणि पट्टे. पुढे देशभरातल्या राहत्या वस्त्यांत ते पसरलं. बॉनच्या गल्लीबोळांत चालताना आज जो निवांतपणा जाणवतो, त्यात चेरीचा वाटा थोडा आणि या पाट्यांचा मोठा आहे.

मुख्य रस्ते मात्र तसेच राहिले. 1996 पासून संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराचं सचिवालय बॉनमध्ये आहे, 2017 ची हवामान परिषद इथे भरली, आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने याच शहराला बेल्डरबर्ग आणि रॉयटरश्ट्रासे या रस्त्यांवरच्या दूषित हवेबद्दल डिझेल गाड्यांवर बंदी घालायला सांगितलं. बंदी पुढे टळली, पण वादाची जागा बदलली. 2020 मध्ये ग्रीन पक्षाच्या कात्या ड्योर्नर महापौर झाल्या. त्यांच्या काळात स्थानकासमोरून मोटारींना आरपार जाता येईनासं झालं, आणि एके काळी वर्षाला तीस युरोंच्या आसपास असलेलं रहिवाशांचं पार्किंग शुल्क कैक पटींनी वाढलं. आडेनाउअरअलीवर मोटारींची एकेक मार्गिका काढून सायकलींना द्यावी का, यावरून शहर दुभंगलं. विरोध करणारे सगळे आडमुठे नव्हते. आसपासच्या खेड्यांतून कामाला येणाऱ्याला वेळेवर बस नसते, आणि शुल्कवाढ श्रीमंतापेक्षा त्याच्या जुन्या गाडीला जास्त बोचते. बदलाचा क्रम चुकला, आधी बस आणि मग शुल्क असं व्हायला हवं होतं, ही टीका गंभीरपणे घ्यायला हवी होती. 2025 च्या निवडणुकीत ड्योर्नर हरल्या आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे गुइडो देउस महापौर झाले.

पुण्याची तुलना इथे टाळता येत नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ ऐसपैस केला, आणि 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथे रांगोळ्या असतात, खेळ असतात, आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध चालतात. 12 तारखेला दुचाकी परततात. पुणे कुंपणाच्या पायरीवर आहे, तेही वर्षातून एक दिवस. पण बॉनचा अनुभव पाहता त्याहून मोठा प्रश्न सदाशिव पेठेतल्या माणसाने लक्ष्मी रस्त्यापर्यंत कसं यावं हा आहे. त्याला पाच मीटर रुंद फुटपाथ नको आहे. सलग फुटपाथ हवा आहे, आणि चौक ओलांडायला पुरेसे सेकंद.

बॉनमधल्या 2025 च्या प्रचारात पार्किंगवर, मार्गिकांवर, कोंडीवर कडाडून बोललं गेलं. बीथोव्हेनच्या पुतळ्याभोवती पुन्हा मोटारी उभ्या करू द्या, हा मात्र त्या प्रचाराचा मुद्दा नव्हता. जे साठच्या दशकात दुकानदारांना आत्मघातकी वाटत होतं, ते आता दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं आहे, आणि भांडण चौकातून निघून मोठ्या रस्त्यांवर पोचलं आहे. 2024 मध्ये देशाचा वाहतूक कायदाही बदलला. त्याआधी मुख्य रस्त्यावर वेग कमी करायचा तर बहुतेक वेळा तिथे विशेष धोका असल्याचं पालिकेला सिद्ध करावं लागे. आता आरोग्य, पर्यावरण आणि शहराची घडण ही कारणंही चालतात, आणि झेब्रा पट्टे आखणंही सोपं झालं आहे. हा अधिकार कोणत्या रस्त्यावर वापरायचा आणि कोणत्या नाही, हे नव्या नगरसभेने ठरवायचं आहे.