कोरा रकाना

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझे गुडघे तपासले आणि म्हणाले, "सर, औषध कमी करा, व्यायाम वाढवा." निवृत्त मास्तराला या वयात व्यायाम शिकवणार कोण? चौकशी करता करता माझाच एक जुना विद्यार्थी सापडला. गोरेगाव तालुक्यातल्या धानशेती करणाऱ्या घरातला मुलगा. पोलीस भरतीच्या तयारीत व्यायामाच्या नादी लागला. भरती हुकली, पण नाद सुटला नाही. आज तो गोंदिया शहरात 'पर्सनल ट्रेनर' आहे. पहाटे पाचपासून जिममध्ये आणि नंतर लोकांच्या घरोघरी. आठवड्यातून तीन दिवस तो माझ्याकडे येऊ लागला. पहिल्या दिवशी मी फी विचारली, तर कानाला हात लावून म्हणाला, "सर, तुमच्याकडून पैसे?" मी पुन्हा विचारले नाही. खरे सांगायचे तर, पुन्हा विचारावे असे मला वाटलेच नाही.

चार महिने असेच गेले. एके सकाळी फोन आला म्हणून तो अंगणात गेला आणि त्याची वही माझ्या टेबलावर उघडी राहिली. दुसऱ्याची वही वाचू नये, हे मीच मुलांना शिकवत आलो. तरीही माझे नाव दिसले आणि नजर हटली नाही. नाव, वेळ, हजेरी, ठरलेली फी, मिळालेली फी, बाकी असे रकाने आखलेले होते. माझ्या हजेरीच्या खुणा नीट भरलेल्या होत्या. फीचा रकाना मात्र कोरा होता. तिथे शून्य नव्हते, नुसती कोरी जागा होती. शून्य लिहिले असते तर माफ केले असा अर्थ झाला असता. कोऱ्या जागेचा अर्थ एवढाच, की त्याला मागता येत नव्हते आणि सोडूनही देता येत नव्हते.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. ज्याने मागितले नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का?

आपल्याकडे विद्या विकू नये असे म्हणतात. तालमीतला वस्ताद फी घेत नसे, असेही अभिमानाने सांगतात. ते खरे असेल. पण त्याची भाकरी कोणीतरी देतच होते. कोल्हापुरात १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले ते शाहू महाराजांच्या आश्रयामुळे. आपल्या विदर्भात अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले. अशा संस्थांमागे समाजाचा हातभार असतो. माझ्या विद्यार्थ्यामागे ना राजा आहे, ना समाजाची वर्गणी. त्याच्याजवळ फक्त त्याचा तास आहे. धान विकले गेले नाही तर गोदामात राहते, उद्या विकता येते. तास गेला की गेला. मी दारावर आलेल्या त्याला "आज राहू दे रे, पाहुणे आलेत," म्हणून परत पाठवले, तेव्हा त्याचा तास मी खर्च करून टाकला होता. मला मात्र वाटत होते, मी त्याला सुट्टी दिली.

कामगाराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण मी स्वतः किती सभांतून सांगितली आहे! इथे घाम माझा निघत होता, माझाच वाळत होता, म्हणून मजुरी कोणाची अडली आहे हे मला दिसलेच नाही.

पण हिशेबाविषयी माझ्या मनात एक जुनी अढीही होती. आमच्या गोंदियात मेहनतीचे मोजमाप नवीन नाही. तेंदूपत्त्याची मजुरी पुडक्यांवर ठरते आणि बिडीची हजारावर. माझी अम्मी बिड्या वळायची. दिवसभराच्या बिड्या घेऊन ती गेली, की समोरचा माणूस मोजायचा, काही 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा आणि कार्डावर आकडा लिहायचा. अम्मीला वाचता येत नव्हते. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, पण तो तिच्या कार्डापर्यंत पोहोचायला वेळ लागला. त्या कार्डाकडे पाहत मी मोठा झालो. हिशेब म्हणजे बलवानाने दुर्बळाविरुद्ध धरलेली लेखणी, अशी माझी समजूत होऊन बसली. म्हणून आपल्या माणसात वही आली की मला ते ओशाळवाणे वाटे.

ही समजूत सुटायला मला कुरआनाकडे परतावे लागले. त्यातली सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? उपासनेवर नाही, तर उधारीची नोंद करण्यावर. सूरह अल्-बकरातली २८२ वी आयत. देणे लहान असो वा मोठे, मुदतीसह लिहून ठेवायला कंटाळू नका, असा तिचा आशय. तिच्यातली एक अट मी इतकी वर्षे वाचूनही लक्षात घेतली नव्हती. मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्याकडे देणे आहे, त्याने. म्हणजे लेखणी कोणाच्याही हातात असो, शब्द देणेकऱ्याचे. अम्मीच्या मजुरीचे देणेकरी मोजणाराच्या बाजूला होते. त्यांनी खरा आकडा सांगायला हवा होता. दोष लिहिण्यात नव्हता, खोटे सांगण्यात होता.

आणि तिच्या दोनच आयती आधी म्हटले आहे, की देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या. सोडून दिले तर अधिकच चांगले. सवड आणि नोंद अशी शेजारी शेजारी आहेत. याचा अर्थ मला असा लागला, की माफ करायलाही आधी आकडा लागतो. जे लिहिलेच नाही ते माफ होत नाही, ते मनात सलत राहते. १९६३ चा मुदतीचा कायदा केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी दावा करायला तीन वर्षे देतो. मनातली बाकी तीन वर्षांनी संपत नाही.

या मुलाच्या वहीने हे आधीच सिद्ध केले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा काही जणांची तीन महिन्यांची आगाऊ फी त्याच्याकडे जमा होती. काम बंद, घरात चणचण आणि ते पैसे खर्चही झालेले. त्याने प्रत्येकाच्या नावापुढे उरलेले दिवस लिहून ठेवले. त्या वर्षी दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, राज्यात जिम उघडल्या आणि त्याने एकेकाचे दिवस भरून दिले. दोघांनी "राहू दे" म्हटले, तेव्हा त्याने तेही लिहिले. जो मुलगा आपले देणे इतके काटेकोर लिहितो, तो आपले येणे मात्र कोरे सोडतो. कोणासमोर? ज्याच्याशी आदराने वागायला आपण त्याला शिकवले, त्याच्यासमोर. आदर हा त्याचा गुण होता आणि मी त्याचा फायदा घेत होतो.

पुढच्या वेळी मी त्याला समोर बसवले आणि म्हणालो, "वही काढ. मी सांगतो, तू लिही." चार महिने, आठवड्याचे तीन दिवस. दारावरून परत पाठवलेले पाच दिवस त्यात धरायला सांगितले. इतरांना लावतो तोच दर. तो मान खाली घालून लिहीत होता. बेरीज झाल्यावर मी मोबाईलवरून पैसे पाठवले. त्याने वही पुन्हा ओढली, एका महिन्याची रक्कम खोडली आणि पुढे लिहिले : "सरांना भेट." तेवढे पैसे त्याने लगेच परत पाठवले. मी नाही म्हटले नाही. आता ती खरोखर भेट होती. तिचा आकडा आम्हा दोघांना माहीत होता.

त्यानंतर एक फरक पडला. मी चार उठाबशा कमी काढल्या की तो आता रागावतो. "सर, चालणार नाही. पुन्हा." आधीच्या चार महिन्यांत तो मला एकदाही रागावला नव्हता.